गुडमार चूर्ण : गोडाची ओढ थांबते, भूक नव्हे

मोती चौकातील कंदी पेढ्यांची दुकाने रोजच्या वाटेवर असणाऱ्या सातारकराला गोड कमी करणे सोपे नसते. म्हणून येथील एका काष्ठौषधींच्या दुकानातून मी गुडमार चूर्ण आणले आणि काही आठवडे नियमाने वापरले. वेष्टनावर ‘भूक व वजन नियंत्रणासाठी’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे.

गुडमार ही सह्याद्रीच्या रानांतही आढळणारी वेल असून तिच्या पानांतील जिम्नेमिक आम्ले जिभेवरची गोड चव ओळखण्याची क्षमता तात्पुरती रोखतात. चिमूटभर चूर्ण जिभेवर पसरून थोडा वेळ घोळवले आणि मग चूळ भरली, की पुढे अर्धा-पाऊण तास साखर वाळूसारखी लागते. कंदी पेढ्याचा वेलदोड्याचा वास येतो, खवा दाताखाली जाणवतो, पण गोडी मुळीच लागत नाही आणि दुसरा पेढा उचलावासा वाटत नाही. चूर्ण कडू व तुरट आहे, तरीही या एका गुणासाठी ते मला मोलाचे वाटते. पोटाची भूक मात्र त्याने तसूभरही कमी झाली नाही. जेवणाच्या वेळी भाकरी पूर्वीइतकीच लागली.

वेष्टनावरील सूचना तर या गुणालाच मारक आहे. चूर्ण कोमट पाण्याबरोबर गिळावे, असे त्यात सांगितले आहे; तसे केल्यास जिभेवरचा परिणाम जवळजवळ होतच नाही, आणि कॅप्सूलची गतही तीच.

माझा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे. गुडमारामुळे रक्तातील साखर उतरू शकते, त्यामुळे मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याची शक्यता असते. तरीही वेष्टनावर याविषयी एक ओळही नाही. दुकानदारांनी मात्र पुडा हातात देण्यापूर्वीच विचारले, “साखरेची गोळी चालू आहे का? असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग न्या.” त्यांच्या या दक्षतेचे मला मनापासून कौतुक वाटते.

त्याच दुकानात वाळलेली पाने सुटी मिळतात आणि मी तीच घेण्याचा सल्ला देईन, कारण त्यांची पारख घरी करता येते : एक पान नीट चावून त्यावर साखर खावी, आणि ती गोड लागलीच, तर माल जुना किंवा भेसळीचा समजून परत करावा.