स्वर्ल काढतो म्हणाले आणि क्लिअर कोट काढून ठेवला

26,000 रुपये घेऊन पॉलिशच्या दुकानाने माझ्या गाडीवरचा एकही चरा काढलेला नाही. जो काढला तो क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, आणि तो परत येत नाही. दुकान पुण्याच्या उपनगरात आहे. नाव लिहीत नाही, वकिलांनी सध्या नको म्हणून सांगितलंय. पण हा प्रकार एकाच दुकानात चालतो असं कुणी समजू नये.

गाडी काळी सेडान. सोसायटीत रोज पहाटे पुसणारा येतो, एकच फडकं आणि एकच बादली घेऊन सगळ्या गाड्यांवर फिरतो. धूळ न धुता तशीच घासली की काळ्या रंगावर जाळं पडणारच. ऊन पडलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल बारीक चरे, यालाच स्वर्ल म्हणतात. काळी गाडी असणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

मी काही माहिती न घेता गेलो नव्हतो. पॉलिशचं रोटरी मशीन एकाच जागी गरगर फिरतं, भराभर कापतं, पण कडेवर जरा रेंगाळलं की रंग तापतो आणि जळतो. डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन, मशीनचं पॅड फिरता फिरता हलतं, जास्त दाबलं तर फिरायचंच थांबतं, त्यामुळे जळायची भीती फार कमी. हे सगळं वाचून, व्हिडिओ बघून मी व्हॉट्सॲपवरच विचारलं होतं, मशीन कुठलं? “डीएच साहेब. टू-स्टेप. आधी कटिंग, मग फिनिशिंग, वर सिरॅमिक, तीन वर्षांची वॉरंटी.” सिरॅमिक म्हणजे पॉलिशनंतर रंगावर चढवायचं संरक्षक कोटिंग. 5,000 टोकन, 21,000 गाडी नेताना. क्यूआर कोड एका बाईंच्या नावाचा निघाला, तर म्हणे मिसेसच्या खात्यावर घेतो. बिल हवं असेल तर वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 4,680. मी बिल घेतलं नाही. आपल्याकडे गॅरेजमध्ये किती जण घेतात? हा प्रश्न पुढे मला चौकीत असा विचारला गेला की जणू चोरी मीच केली होती.

डेमो मात्र चोख दिला. बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावली, डाव्या बाजूला खरोखरच डीए मशीन फिरवलं, टेप ओढली. एकीकडे जाळं, दुसरीकडे आरसा.

आणि इथेच सगळं उघड्यावर आलं होतं. मी म्हणालो, आता यावर आयपीए मारून पुसून दाखवा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कंपाउंडमध्ये, म्हणजे पॉलिशच्या पेस्टमध्ये, तेलं असतात, काहींत चरे बुजवणारे फिलरही असतात. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते पाण्यात मिसळून पुसलं की ते निघून जातात आणि चरा खरंच गेला की नुसता झाकला गेला, ते कळतं. मशीन चालवणाऱ्या पोराने आयपीएची बाटली उचललीसुद्धा होती. उचलली, मालकाकडे बघितलं, आणि परत खाली ठेवली. मालक म्हणाला, “आत्ता पुसलं तर कोटिंगची पकड जाते साहेब.”

हे साफ उलट आहे. तेल पुसल्याशिवाय सिरॅमिक धरतच नाही. कोटिंगला उघडा, कोरडा पृष्ठभाग लागतो, हे त्या धंद्यातल्या नवख्या पोरालाही माहीत असतं आणि मलाही माहीत होतं. मी तसं बोललोसुद्धा. पण समोरचा माणूस रोज हेच काम करणारा, भिंतीवर सर्टिफिकेटं टांगलेली, आवाजात जराही अडखळणं नाही. अशा वेळी आपण आपल्याच वाचनावर शंका घेतो. माझ्या जागी कुणीही घेतली असती. रात्री अजूनही ती बाटली डोळ्यांसमोर येते. त्या पोराला खरं माहीत होतं.

गाडी त्याच दिवशी संध्याकाळी तयार झाली. अख्खी सेडान धुणं, क्ले मारणं (मातीसारख्या वडीने रंगात रुतलेली घाण काढणं), दोन टप्प्यांचं पॉलिश आणि कोटिंग, हे सगळं एका पोराकडून एका दिवसात होत नाही. कोपऱ्यात वुलन पॅड लावलेलं रोटरी मशीन पडलं होतं. “ते दुसऱ्या गाडीचं.” ट्यूबलाइटच्या उजेडात गाडी चमकत होती, मी 21,000 पाठवले. ट्यूबलाइटखाली गाडी कधीच ताब्यात घेऊ नका.

दोन-तीनदा शाम्पूने धुतल्यावर फिलर उतरला. रात्री पेट्रोल पंपावर एलईडीखाली उभा होतो, तर जुनं जाळं जसंच्या तसं, आणि त्यावर रोटरीचे लांब वळणदार पट्टे, उजेड सरकेल तसे सरकणारे. बॉनेटच्या उजव्या धारेवर बोटभर जागा निस्तेज, हात फिरवला तर खरखरीत.

दुसऱ्या एका माणसाकडे नेली. त्याने तपासणीचे 1,500 घेतले, पण प्रत्येक पॅनेलवर रंगाची जाडी मोजणारं मीटर लावून आकडे लिहून दिले. छतावर 116 मायक्रॉन, बॉनेटच्या त्या धारेवर 84. हे प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून. एकटा क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉनचा असतो. डीएने नीट पॉलिश केलं तर त्यातले दोन-तीन जातात. इथे छताच्या मानाने बत्तीस कमी. आता बॉनेट रंगवायचे 7,500, बाकी गाडीचं पॉलिश 12,000. आधीचे धरून 47,000.

पहिल्या दुकानाच्या मालकाला फोन केला तर म्हणे, बाहेर धुतली म्हणून वॉरंटी गेली. वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत आहे, दर सहा महिन्यांनी 2,500 भरून त्यांच्याकडेच धुवायची.

चौकीत दीड तास बाकावर बसवलं. साहेब आले आणि पहिला प्रश्न, “गाडी परत मिळाली ना?” मिळाली. “मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे.” अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर शिक्का साहेबांकडे, आणि साहेब बंदोबस्ताला. बॅंकेचं उत्तर, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काही करू शकत नाही. इन्शुरन्सचा सर्व्हेअर म्हणाला, अपघात नाही, क्लेम नाही. ग्राहकांना मार्गदर्शन करायला म्हणून बसवलेल्या एका गृहस्थांनी मीटरच्या आकड्यांकडे पाहिलंही नाही, “गाडी तर चांगली दिसतेय की” म्हणाले. मोबाइलवर! फोटोत! अरे, त्या चमकण्याचीच तर तक्रार आहे! नळातून पाणी येत नाही म्हटलं तर वॉर्ड ऑफिसात निदान नोंद तरी होते. इथे 26,000 रुपये आणि गाडीचा रंग गेला, तर नोंद करायलाही कुणी तयार नाही. प्रत्येक टेबलावर एकच उत्तर, हे आमच्याकडे येत नाही. मग कुणाकडे येतं ते एकदा लिहून लावा तरी दारावर.

गाडी देणार असाल तर देण्याआधी प्रत्येक पॅनेलचे मीटरचे आकडे लिहून घ्या, घेतानाही घ्या. मीटर नाही म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका. साधं मीटर प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, तेव्हा बंपर जोर लावून घासायला सांगू नका. आयपीएने पुसून दाखवत नसेल तर टेप ओढल्यावर कितीही आरसा दिसू दे, चावी खिशात घाला. खोल चरा नखाला लागत असेल तर तो पॉलिशने जात नाही, जातो म्हणणारा खोटं बोलतोय. बिल घ्या, 4,680 गेले तरी घ्या.

वकिलांनी नोटीस पाठवलीय. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं “डीएच साहेब” आणि मीटरचे आकडे माझ्याकडे आहेत. डेमोचा व्हिडिओही आहे, त्यात ती बाटली खाली ठेवताना स्पष्ट दिसते.