बॉक्सवर पीबीटी लिहिलंय म्हणून अक्षरं टिकतीलच असं नाही – कीकॅप सेटचा रिव्ह्यू

मेकॅनिकल कीबोर्डसाठी, म्हणजे प्रत्येक कळेखाली वेगळा स्विच असतो त्या कीबोर्डसाठी, वेगळा कीकॅप सेट (कळांवरची सुटी निघणारी प्लास्टिकची टोपणं) घेणार असाल तर प्लास्टिक कुठलं हे नंतर विचारा, आधी त्यावर अक्षर कसं उमटवलंय ते विचारा. मी ठाण्यात घरूनच डीटीपीची कामं करते, दिवसभर मराठी टायपिंग आणि तेही इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण कळरचनेवर. आत्ता लावलाय तो सेट करडा-पांढरा, पीबीटीचा (हा प्लास्टिकचा एक प्रकार), डाय-सब केलेला, म्हणजे अक्षराचा रंग प्लास्टिकमध्ये मुरवलेला, चेरी प्रोफाइल (कीकॅपचा एक ठरावीक आकार), ऑनलाइन मागवला, दीड हजाराच्या आसपास पडला. अख्खा उन्हाळा आणि पावसाळा काढलाय त्याने, आणि एकसुद्धा अक्षर फिकं पडलेलं नाही.

याच्या आधीचा काळा सेट वाशीतल्या एका दुकानातून घेतलेला, त्याच्याही बॉक्सवर पीबीटीच होतं. दुकानदार म्हणाला, मॅडम पीबीटी आहे, बिनधास्त वापरा. प्लास्टिकला खरंच काही झालं नाही, अजून तसंच खरखरीत लागतं हाताला, पण अक्षरं होती पॅड प्रिंटिंगची, म्हणजे मऊ सिलिकॉन पॅडने शाई उचलायची आणि कीकॅपवर टेकवायची, शाई नुसती वरच बसते. ती गेली. आणि कुठली गेली बघा, आधी ई, मग जे, मग डी. इनस्क्रिप्टमध्ये ई वर काना आहे, जे वर र आणि डी वर हलन्त, मराठीत काना आणि र यांच्याशिवाय दोन वाक्यं तरी होतात का, आणि जोडाक्षर आलं की डी आलंच. त्यात ठाण्याचा मे महिना, बोटांना घाम, हाताला लावलेलं क्रीम नाहीतर सॅनिटायझर, अशी वरवरची शाई किती तग धरणार. बघून टाइप करत नाही मी, पण आकडे आणि चिन्हांसाठी नजर जातेच, आणि भाची माझ्याच कीबोर्डवर टायपिंग शिकतेय, तिला अक्षर दिसायलाच हवं.

डाय-सबमध्ये गरम करून रंगाची वाफ करतात आणि ती प्लास्टिकच्या आत शिरते, गोंदणासारखं, त्यामुळे नखाने खरवडायला वर काही उरतच नाही. याला उष्णता भरपूर लागते. एबीएस, म्हणजे कीकॅपसाठी वापरतात ते दुसरं प्लास्टिक, साधारण 105 अंशांलाच मऊ पडायला लागतं, पीबीटी वितळतं 220 च्या पुढे, म्हणून डाय-सब सेट पीबीटीचेच दिसतात. पण उलटं धरून चालू नका, पीबीटी म्हणजे डाय-सबच असं अजिबात नाही, माझा काळा सेट समोर आहे.

अजून एक, हा रंग प्लास्टिकला गडदच करू शकतो, फिकं नाही. म्हणून काळ्या कीकॅपवर पांढरं अक्षर आणि विक्रेता डाय-सब म्हणत असेल तर कीकॅप उपटून आतून बघा. रिव्हर्स डाय-सब असेल, म्हणजे मूळ प्लास्टिक फिकं आणि अक्षर सोडून बाकीचा भाग रंगवलेला, तर आतली बाजू फिकी दिसते. आतूनही काळंच दिसलं तर ते साधं डाय-सब नक्की नाही, मग बोट फिरवून बघा, अक्षर किंचित उंच लागलं तर छपाईच आहे.

डबल-शॉट पण टिकतं, तिथे अक्षर म्हणजे दुसऱ्या रंगाचं प्लास्टिकच असतं, छपाईचा प्रश्नच नाही. जर्मनीतली जीएमके कंपनी एबीएसमध्ये डबल-शॉट सेट बनवते, महाग असतात, वापरून वापरून चकाकतात पण अक्षर जागेवर राहतं. लोक या दोन गोष्टी एकत्र करतात, चकाकणं वेगळं आणि अक्षर पुसणं वेगळं. चकाकी पीबीटीवरही येते, फक्त उशिरा. मात्र एका कीकॅपवर इंग्रजी आणि देवनागरी दोन्ही असेल तर दोन्ही अक्षरांचं वेगवेगळं विचारा, कारण इंग्रजी डबल-शॉट आणि दुसरी लिपी नुसती वरून छापलेली असं असू शकतं.

भावाच्या गेमिंग कीबोर्डची तिसरीच तऱ्हा, पारदर्शक एबीएसवर काळा रंग आणि लेसरने अक्षराच्या जागचा रंग उडवलेला, म्हणजे खालून लाइट येतो. तिथे अक्षर जात नाही, आजूबाजूचा रंग झिजतो, गेममध्ये सतत दाबल्या जाणाऱ्या डब्ल्यू-ए-एस-डी चं अक्षर पसरून नुसता उजेडाचा ठिपका झालाय.

माझ्या सेटमध्ये खोट नाही असं नाही. स्पेसबार किंचित वाकडा आला, काचेवर ठेवला की एका टोकाला डुगडुगतो, लांब पीबीटी कीकॅप थंड होताना आकसते तेव्हा असं होतं, त्यामुळे रिटर्नची मुदत आहे तोवर तपासून घ्या. अक्षरांची कड जवळून बघितली तर थोडी धूसर आहे, डाय-सबमध्ये तेवढं चालतं. आणि अक्षरांतून लाइट अजिबात येत नाही, रात्री अंधारात काम करणाऱ्यांनी डबल-शॉट शाइन-थ्रू, म्हणजे अक्षरातून लाइट येणारा सेट बघावा.

धुवायला कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड पुरतं. थिनर किंवा अॅसिटोन लावू नका, एबीएस विरघळतं त्याने. पावसाळ्यात धुतल्या तर पंख्याखाली उलट्या घालून पूर्ण वाळवा, आतल्या दांड्याच्या खाचेत पाणी राहतं आणि तसंच लावलं तर ते स्विचमध्ये उतरतं.