तोरणमाळ की पाटणादेवी? एकच सहल जमणार असेल तर

मागच्या आठवड्यात धुळ्याहून मामेभावाचा फोन आला. पोरं पाचवी-आठवीतली, सोबत मामी, गाडी घरची, सुट्टी रविवारची आणि जमलं तर शनिवार जोडून. "दादा, तोरणमाळ करू की पाटणादेवी?" मी आधी त्यालाच विचारलं, मुक्काम करणार का? माझ्या मते सगळं उत्तर त्यावर आहे.

खान्देशात राष्ट्रीय उद्यान नाही. पण उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळ्याची रांग आहे. तोरणमाळ सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात. पाटणादेवी चाळीसगावपासून १८ किलोमीटरवर, १९८६ साली जाहीर झालेल्या गौताळा औट्रामघाट अभयारण्यात.

तोरणमाळला एका दिवसात जाऊन येणारे पुष्कळ आहेत, मीही पहिल्यांदा तसाच गेलो होतो. शहाद्याच्या पुढे ५० किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे. केळी-पपईचे मळे मागे पडतात आणि सातपायरीचा घाट लागतो. वळणावळणाने गाडी सुमारे ११५० मीटर उंचीवर पोचेपर्यंत दुपार होते. यशवंत तलावाला एक चक्कर, सीताखाईवर फोटो, की लगेच परतायची घाई. तोरणमाळ खरं कळतं ते संध्याकाळी, तलावावर गारवा उतरतो तेव्हा, आणि पहाटे, दरीतलं धुकं हळूहळू सुटत जातं तेव्हा. दुसऱ्या खेपेला मुक्काम केला तेव्हा पहिल्या वेळी काय हुकलं होतं ते समजलं.

मामीसारख्या माणसांना तोरणमाळ सोपं पडतं. तलाव, गोरखनाथांचं मंदिर, सीताखाई, खडकी पॉइंट ही ठिकाणं एकमेकांपासून फार लांब नाहीत. गाडीने बरंच जवळ जाता येतं, गुडघ्यांना त्रास नाही. मात्र भर पावसात, ऑगस्टमध्ये, सीताखाईच्या कड्यावर उभं राहून पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही असं होऊ शकतं. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ मला सर्वांत आवडतो. हिरवळ टिकून असते, दरी उघडी असते आणि सीताफळं आलेली असतात. महाशिवरात्रीला गोरखनाथाची मोठी यात्रा भरते. यात्राच पाहायची असेल तर जरूर जा, शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा. पेट्रोल शहाद्यातच भरून घ्या, रोख पैसे जवळ ठेवा आणि राहण्याची सोय आधी फोनवर पक्की करा.

आता पाटणादेवी. इथे माझा कल लपत नाही, कारण इतक्या थोड्या जागेत इतकं काही खान्देशात मला दुसरीकडे दिसलेलं नाही. चंडिकादेवीच्या मंदिराभोवती डोंगर अर्धगोल करून उभे आहेत. केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे आहेत, कण्हेरगड आहे, त्याच्या अंगाला नागार्जुन कोठडीची लेणी आहेत. आणि याच पाटण गावात सापडलेला शिलालेख! भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला, त्याला शके ११२८ मध्ये दान मिळालं, असं त्यात कोरलं आहे. लेखाच्या शेवटच्या ओळी चक्क जुन्या मराठीत आहेत. गणिताला घाबरणाऱ्या आठवीतल्या पोराला तिथे उभं करून सांगा की आठशे वर्षांपूर्वी या डोंगराखाली भास्कराचार्यांचा गणिताचा ग्रंथ 'सिद्धांतशिरोमणी' शिकवत होते. माझी पुतणी हे ऐकून परत येताना गाडीत गणिताची कोडी घालत होती.

वर पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. दाराशी हत्तींची रांग, आत खांबांवर रंगांच्या खुणा. इथे सापडलेला यक्षाचा एक दगडी पुतळा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कण्हदास नावाच्या सोनाराने तो घडवला, असं त्याच्या हातावर कोरलेलं आहे. मूर्तिकार स्वतःचं नाव ठेवून गेला, असं त्या काळात क्वचितच घडायचं.

पण पाटणादेवी पाय मागते. मंदिरापर्यंत गाडी जाते, पुढचं बहुतेक चालून. पितळखोऱ्याला पाटण्याकडून जंगलवाटेने चढावं लागतं. कन्नडच्या बाजूने गाडीने वर जाता येतं, तरी शेवटी दरीत पायऱ्या उतरायच्या असतात आणि परत चढायच्याही. मामींनी देवीचं दर्शन घेऊन झाडाखाली बसावं, पोरांना बापाने न्यावं, असं मी सुचवलं.

आणि पाण्याचं मी कळकळीने सांगतो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस या डोंगरांत एका रात्रीत एवढा पाऊस झाला की तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात घुसलं, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. केदारकुंडाच्या डोहाशी ऊन पडलेलं असलं तरी वर पाऊस चालू असू शकतो. पाणी गढूळ व्हायला लागलं की पोरांना हाताला धरून तिथून लगेच उठायचं.

नवरात्रात पाटणादेवीला दर्शनाची रांग लागते, तेव्हा जंगल पाहणं विसरा. रेल्वेने जायचं तर चाळीसगाव मुंबई-भुसावळ मार्गावरच आहे, धुळ्याहूनही गाडी आहे. तोरणमाळसाठी नंदुरबार किंवा दोंडाईचाला उतरून शहाद्यामार्गे एसटी धरावी लागते.

भावाला शनिवार मिळाला नाही. म्हटलं, मग पाटणादेवीच कर. सकाळी सातला धुळं सोड, कळण्याची भाकरी आणि ठेचा घरून बांधून घे, आधी धवलतीर्थ कर आणि ऊन चढायच्या आत मंदिरापाशी परत ये. तोरणमाळ दिवाळीच्या सुट्टीत करू, दोन रात्री. तेव्हा मीही येतो.