कॅमकॉर्डरच्या व्हिडिओचे तुकडे: आधी जोडावेत की थेट टाइमलाइनवर?

मैफल सलग रेकॉर्ड केली, कार्डावर मात्र चार एमटीएस (कॅमकॉर्डरच्या व्हिडिओ) फाइल्स निघाल्या आणि प्रत्येक सांध्यावर तान तुटते. अशा वेळी तुकडे आधी जोडावेत, की एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर, थेट ठेवावेत?

दोष एडिटिंगचा नाही. फॅट३२ (फाइल साठवण्याची एक पद्धत) असलेल्या कार्डावर एक फाइल ४ जीबीपर्यंतच जाते, म्हणून कॅमेरा तुकडे पाडतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत चित्राची फ्रेम ४० मिलिसेकंदांची, ४८ किलोहर्ट्झच्या एसी-३ (आवाज साठवण्याचा एक प्रकार) आवाजाची ३२. दोन्ही एकाच ठिकाणी संपत नाहीत. आवाजाची अर्धवट फ्रेम पुढच्या फाइलीत जाते.

आवाजाच्या बाबतीत आधी जोडणंच सरस. अर्धी फ्रेम तिच्या जोडीदाराला मिळते आणि सांधा कानाला लागत नाही. टाइमलाइनवर क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा चढवणं) दिला तर 'टक्' जाईल, हरवलेला सूर परत येणार नाही.

कष्ट? कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरने कार्डावरचं संपूर्ण फोल्डर संगणकावर घ्या म्हणजे तुकडे जोडले जातात, सुटी फाइल ओढू नका. विंडोजची बायनरी कॉपी, म्हणजे फाइली जशाच्या तशा एकामागे एक चिकटवणं, हीसुद्धा चालते, फक्त क्रम सांभाळा. दर्जा तसाच राहतो, डिस्कवर जागा दुप्पट लागते. एमपी४ला मात्र बायनरी कॉपी चालत नाही, कारण प्रत्येक फाइलची अनुक्रमणिका वेगळी असते.

गाणं, नाटक, भाषण असेल तर आधी जोडाच. छोटे शॉट कापून खाली वेगळं संगीत घालणार असाल, तर थेट टाइमलाइन पुरे.