रिचमंडमधलं डेव्हिसचं घर: टूर घ्या, पण नोकरांच्या बाजूने बघा

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंडला भारतातून आई-बाबा आले की फिरण्याची यादी ठरलेली असते: लुरेच्या गुहा, विल्यम्सबर्ग, वॉशिंग्टन. क्ले स्ट्रीटवरचं ‘व्हाइट हाउस ऑफ द कॉन्फेडरसी’ त्यात कुणी घालत नाही. माझं मत, घाला.

अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस १८६१ ते १८६५ या घरात राहिला. घर १८१८ सालचं. आता चहूकडे हॉस्पिटलच्या उंच इमारती, त्यामुळे समोर येईपर्यंत दिसतच नाही. आत फक्त गाइडबरोबरच जाता येतं. दिवाणखाना, पडदे, दिवे हातात धरलेले पुतळे हे सगळं छान आहे, पण मी गेले होते मेरी रिचर्ड्स बाउझरसाठी.

मेरी व्हॅन ल्यू कुटुंबाची गुलाम. त्या घरातली एलिझाबेथ व्हॅन ल्यू ही उत्तरेच्या बाजूची, रिचमंडमध्ये बसून हेरांचं अख्खं जाळं चालवणारी बाई. तिच्या घरच्यांनी मेरीला उत्तरेत शिकायला पाठवलं, पुढे लायबेरियालाही. नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की मेरी डेव्हिसच्या घरी अडाणी मोलकरीण म्हणून राहिली, जेवणाच्या टेबलाशी उभी राहून सेनापतींचं बोलणं ऐकायची आणि एकदा पाहिलेला कागद शब्दन् शब्द पाठ म्हणायची.

आईला हे पटेना. तिचे वडील कलेक्टरांच्या बंगल्यावर शिपाई होते, तिचं बालपण बंगल्यामागच्या खोल्यांत गेलेलं. डायनिंग रूममध्ये ती मला हळूच म्हणाली, “अगं, वाढणारा समोर असला की साहेब लोक विषय बदलतात. कागद मात्र कुठेही टाकून जातात.” आणि गंमत म्हणजे कागदोपत्री पुरावा आईच्याच बाजूने आहे! युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये मेरीने न्यूयॉर्कला भाषणं दिली, तीही टोपणनावाने. वर्तमानपत्रांत आलेल्या वृत्तांतानुसार, डेव्हिस घरी नसताना ती धुण्याचे कपडे मागायला म्हणून आत शिरली आणि कपाटाचे खण उघडून कागद चाळले. टेबलाशी उभं राहण्यापेक्षा मला हे कितीतरी खरं वाटतं. धुणं न्यायला आलेल्या बाईला कोण अडवतो?

डेव्हिसच्या बायकोने पुढे १९०५ मध्ये असं कुणी आपल्या घरी कामाला नव्हतंच असं सांगितलं. अर्थात, ती दुसरं काय म्हणणार? पण मेरी रोज तिथे राबत होती याला भक्कम पुरावा नाही, हेही खरं. आपल्याकडे बहिर्जी नाईकांचं असंच आहे: कथा ढीगभर, कागद मूठभर. इंटरनेटवर मेरी म्हणून जो फोटो फिरतो तोही दुसऱ्याच मेरी बाउझरचा निघाला, तेव्हा जाण्याआधी तिथलं वाचून डोकं भरून घेऊ नका.

टूरमध्ये डेव्हिसच्या गाडीवानाबद्दल जरूर विचारा. विल्यम जॅक्सन त्याचं नाव. हाही गुलाम, डेव्हिसकडे भाड्याने दिलेला. १८६२ मध्ये तो पळून उत्तरेच्या सैन्याला जाऊन मिळाला आणि कानावर पडलेलं सगळं त्याने अधिकाऱ्यांना सांगितलं. याची तर नोंद आहे, तरी नाव कुणाला माहीत नसतं. मला मेरीइतकाच तो आवडला.

वरच्या मजल्यावर डेव्हिसचं ऑफिस आहे. तिथे रेंगाळा. मुलांच्या खोलीपासून ते किती जवळ आहे बघा, म्हणजे घरात काम करणाऱ्या माणसाला काय काय सहज दिसत असेल ते कळतं. डेव्हिस पळाल्यावर ४ एप्रिल १८६५ ला उत्तरेचा अध्यक्ष लिंकन स्वतः या घरी आला होता.

जिने चढायचे आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी आधी फोन करून विचारावं. लहान मुलं कंटाळतील. आणि गेलातच तर त्याच दिवशी रिचमंडमधली चर्च हिल ही जुनी वस्तीही करा: मेरीचा बाप्तिस्मा आणि लग्न झालं ते सेंट जॉन्स चर्च तिथे उभं आहे. व्हॅन ल्यूंचा वाडा मात्र शोधू नका, तो १९११ मध्येच पाडला, त्या जागी आता शाळा आहे.