४०१३ की ७४एचसी७४? आधी इनपुट किती मळकं आहे ते बघा

विट्यातल्या एका मागवाल्याचं काउंटर कार्ड मध्यंतरी माझ्या कुपवाडच्या टेबलावर आलं. तक्रार अशी की धोटा शंभर वेळा गेला तर आकडा कधी एकशे सात, कधी एकशे बारा. कार्ड बनवणाऱ्या पोरानं ७४एचसी७४ लावला होता. हा फ्लिप-फ्लॉप आयसी: क्लॉक पिनवर पल्स आली की त्या क्षणी डी पिनवर जे असेल (हाय की लो) ते पकडून आउटपुटला धरून ठेवतो. विचारलं तर म्हणाला, "दादा, मुद्दाम फास्ट घेतला, एकपण पल्स सुटू नये म्हणून." सुटत नव्हतीच. नसलेल्याही पकडल्या जात होत्या.

साधा माग मिनिटाला दीडशेच्या आतबाहेर चालतो. म्हणजे सेकंदाला दोन-तीन पल्स. सीडी४०१३ हाही तसाच फ्लिप-फ्लॉप, या घरातला सगळ्यात संथ गडी, पण ५ व्होल्टवर तोही सेकंदाला ३५ लाख वेळा पलटायची हमी देतो. तेव्हा या दोघांतून एक निवडायचा असेल तर डेटाशीटमधला मेगाहर्ट्झचा रकाना सगळ्यात शेवटी वाचा.

आधी वाचायचा तो क्लॉकच्या चढ-उताराला, म्हणजे लो वरून हाय किंवा हाय वरून लो व्हायला, जास्तीत जास्त किती वेळ चालतो, हा रकाना. तो सहसा कुणी उघडत नाही. ४०१३ ला ५ व्होल्टवर १५ मायक्रोसेकंद चालतात, ७४एचसी७४ ला ४.५ व्होल्टवर फक्त ५०० नॅनोसेकंद. तीसपट फरक. फ्लिप-फ्लॉपच्या आत दोन लॅच (हाय की लो ते धरून ठेवणारे भाग) असतात, दोन दारांच्या खोलीसारखे: एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. क्लॉक रेंगाळत वर चढला की मधल्या व्होल्टेजला दोन्ही दारं अर्धवट उघडी राहतात आणि डेटा थेट आरपार जातो. त्यात चढावर थोडा नॉइज बसला की एकाच एजच्या (चढाच्या) दोन-तीन एज होतात. उलटं आउटपुट डी पिनला जोडून मोजणी केली असेल तर प्रत्येक वेळी पलटी ठरलेली.

विट्याच्या कार्डात हेच होतं. प्रॉक्सीचे (धोटा ओळखणाऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरचे) २४ व्होल्ट पीसी८१७ ऑप्टोवर (प्रकाशानं सिग्नल पलीकडे देणारा आयसी), ऑप्टोला १० किलोओहमचा पुल-अप (तो बंद असताना आउटपुट वर खेचणारा रेझिस्टर), आणि तिथून तार थेट क्लॉकला. ऑप्टो बंद होताना व्होल्टेज वर यायला कितीतरी मायक्रोसेकंद लागतात. ७४एचसी७४ च्या मर्यादेत ते बसणारच नव्हतं. मी आधी ४०१३ लावून बघितला. चुका कमी झाल्या, गेल्या नाहीत. मग मध्ये ७४एचसी१४ चं एक श्मिट गेट (रेंगाळणाऱ्या सिग्नलची स्वच्छ, झटपट एज करून देणारं) टाकलं आणि आकडा जुळला, मग पुढे आयसी कुठलाही असो. स्विचवर १० किलोओहम आणि १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) कपॅसिटर लावून थेट क्लॉकला देणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. तिथला टाइम कॉन्स्टंट एक मिलिसेकंद होतो. तो ४०१३ लाही पेलत नाही.

असं असूनही पॅनेलमध्ये शेजारी कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा रिले) ठोकत असेल तर मी ४०१३ च घेतो. ७४एचसी७४ ला १६ नॅनोसेकंदांची क्लॉक पल्स पुरते, म्हणजे तेवढी बारीक स्पाईकही त्याला खरी वाटू शकते. ४०१३ ला ५ व्होल्टवर साधारण ७० नॅनोसेकंद लागतात, त्याहून अरुंद काही आलं तर बहुधा त्याच्या कानावरच जात नाही. आपल्याकडच्या कारखान्यात थोडं बहिरं असणं हा गुणच आहे. शिवाय तो १५ व्होल्टवर चालवता येतो. तेव्हा तो जास्त चपळ होतो खरा, पण ४ व्होल्टपर्यंत लो आणि ११ च्या वर हाय धरतो. जुन्या ७४एलएस७४ मध्ये हेच आकडे ०.८ आणि २. एलएस आता फक्त दुरुस्तीपुरता ठेवा. त्याचं हाय आउटपुट २.७ व्होल्टपर्यंत उतरू शकतं आणि एचसीच्या इनपुटला ते पुरेसं नसतं. जोडायचाच असेल तर पुढे एलएसची पातळी समजणारा ७४एचसीटी७४.

आता दुसरी बाजू. सांगलीत विश्रामबागेच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकणारा एखादा मुलगा फ्रिक्वेन्सी मीटरचा प्रोजेक्ट करतोय, दहा-वीस मेगाहर्ट्झ मोजायचेत. तिथे ४०१३ चं नावच काढू नका, ७४एचसी७४ घ्या. त्याहून वर गेलात तर ७४एसी७४. तो शंभर मेगाहर्ट्झपलीकडे जातो, पण त्याच्या एज इतक्या तीक्ष्ण असतात की ब्रेडबोर्डवर ग्राउंडच उसळतं. पीसीबी आणि पुरवठ्याच्या पिनेला चिकटून १०४ चा कपॅसिटर नसेल तर त्याच्या नादी लागू नये.

अशा प्रोजेक्टमध्ये 'इनपुट संवेदनशील हवं' म्हणजे नेमकं उलटं मागणं असतं: काही मिलिव्होल्टचा सिग्नलही ओळखला पाहिजे. ते काम फ्लिप-फ्लॉपवर टाकू नका. लॅचमधले दोन इन्व्हर्टर एकमेकांना ढकलत ढकलत निर्णयाला येतात. सुरुवातीचा फरक दहापट लहान असेल तर ठरावीक वेळ जास्त लागतो, आणखी दहापट लहान केला तर पुन्हा तेवढाच. संवेदनशीलता वाढवाल तितका वेग गळतो, तो असा. त्यामुळे आधी कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारा आयसी), तो सिग्नल पूर्ण उंचीचा करून देईल, मग फ्लिप-फ्लॉप.

नेमका मधोमध सापडला तर लॅच बराच वेळ अधांतरी राहू शकतो, हे सगळ्याच आयसींना लागू. बाहेरचा सिग्नल मायक्रोकंट्रोलरच्या क्लॉकशी जुळवून घ्यायचा असेल तर दोन फ्लिप-फ्लॉप एकामागे एक लावा. इथे मात्र वेगवान आयसी सरस. तो अधांतरातून लवकर बाहेर पडतो.

७४एचसी७४ काढून ४०१३ बसवणार असाल तर नुसता सॉकेटमधला आयसी बदलून चालत नाही. दोन्ही चौदा पिनांचे, पण पिनांची मांडणी वेगळी. आणि ७४एचसी७४ मध्ये प्रीसेट-क्लिअर (आउटपुट जबरदस्तीनं हाय किंवा लो करणाऱ्या पिना) वापरात नसतील तर पुरवठ्याला बांधतात, ४०१३ मध्ये सेट-रीसेट ग्राउंडला. उलटं बांधलंत तर दोन्ही आउटपुट हाय होऊन बसतील आणि तुम्ही संध्याकाळभर प्रॉक्सी तपासत राहाल.