सड्यावर नेता येणारा सूक्ष्मदर्शक : फोल्डस्कोपचे तीन पावसाळे

आमच्या तालुक्याच्या गावातील लहान महाविद्यालयात संयुक्त सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद असतात. प्रॅक्टिकलच्या दिवशी ते बाहेर निघतात आणि तिघांत एक या हिशेबाने वाटले जातात. त्यामुळे तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी नमुने रानातून येत असले, तरी निरीक्षण मात्र प्रयोगशाळेच्या वेळापत्रकावर अवलंबून राहत असे, आणि तोवर निम्मे नमुने सुकून जात. या अडचणीपायी आम्ही फोल्डस्कोप हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक मागवला. रत्नागिरी जिल्ह्यातील कातळसड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारांवर, तीन पावसाळे वापरल्यानंतर त्याविषयी लिहीत आहे.

आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तो विकसित केला. त्यावरील शोधनिबंध 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. जाड कागदावर कापलेले भाग सुटे करून, घड्या घालून तो आपणच जुळवायचा असतो. पहिल्या खेपेस अर्धा तास मोडतो. त्याचे भिंग म्हणजे काचेचा एक गोळा, आणि 140 पट विशालनाच्या मूळ रचनेत या गोळ्याचा व्यास 2.4 मिलिमीटर आहे. अशा गोळ्याचे नाभीय अंतर सुमारे 1.8 मिलिमीटर येते आणि डोळ्याला स्पष्ट दिसण्याच्या किमान अंतराला, म्हणजे 250 मिलिमीटरला, त्याने भागले की 140 हा आकडा जुळतो. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी हे गणित प्रथम वर्षाच्या वर्गात फळ्यावर करून घेतले, तेव्हा कंपनीच्या पत्रकावरील आकडा आपल्यालाही पडताळता येतो याचेच मुलांना अधिक अप्रूप वाटले.

याची खरी योग्यता सड्यावर कळते. श्रावणात ओलसर कातळावर सीतेची आसवे फुलतात. ही नाजूक जांभळी फुले पाहण्यासाठी लोक दुरून येतात, पण ही वनस्पती कीटकभक्षी असून तिचे सापळे मातीखाली असतात, हे जवळ राहणाऱ्यांनाही ठाऊक नसते. मुळांसारख्या दिसणाऱ्या तंतूंवरील हे बारीक फुगे पाण्याने हलकेच धुऊन काचपट्टीवर घेतले, की फुग्याचे तोंड आणि तोंडाजवळील केसांसारखे अवयव तिथेच, चिखलात उभ्या उभ्या दिसतात. रोप उपटून प्रयोगशाळेत नेण्याची गरज उरत नाही; एका रोपाचे दोन-चार तंतू पुरतात. ढगाळ आकाशाचा मंद, सारखा उजेड यासाठी फार चांगला. सूर्याकडे रोखून मात्र कधीही पाहू नये, ही सूचना आम्ही दर सहलीआधी वहीत लिहून घेतो.

मर्यादाही स्पष्ट आहेत. गोल भिंगामुळे दृश्यक्षेत्राचा मध्यभाग रेखीव आणि कडा पुसट दिसतात. नमुना भिंगापासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर असावा लागतो, त्यामुळे डबक्यातील पाण्याचा जाड थेंब चालत नाही. सुमारे 2 मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकावे वेगळे दिसतात. म्हणजे परागकण, पर्णरंध्रे, शैवालाचे तंतू यांसाठी तो उत्तम, परंतु जिवाणूंच्या अभ्यासाला निरुपयोगी. सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

प्रकल्पाच्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न मोजमापाचा आहे आणि त्यात चूक आमचीच होती. पहिल्या वर्षी आमच्या विद्यार्थिनीने मोबाइल जोडून परागकणांची सुरेख छायाचित्रे काढली, पण एका संशोधन स्पर्धेत परीक्षकांनी आकार कसा मोजला असे विचारले आणि तिच्याकडे उत्तर नव्हते, कारण मोबाइलचा झूम प्रत्येक छायाचित्रात निराळा होता. आता सहलीला निघण्यापूर्वी प्रत्येक गट स्टेज मायक्रोमीटरचे, म्हणजे 1 मिलिमीटरचे 100 भाग कोरलेल्या काचपट्टीचे, छायाचित्र घेतो; प्रत्येक भाग 10 मायक्रॉनचा असल्याने पडद्यावरील अंतराची किंमत ठरते, आणि त्यानंतर झूमला हात लावायचा नाही. एवढी शिस्त पाळली, की जास्वंदीच्या परागकणाचा व्यास फोल्डस्कोपवर आणि प्रयोगशाळेच्या सूक्ष्मदर्शकावर मोजून दोन्ही आकडे ताडून पाहता येतात. आमच्या मते हा ताळा प्रकल्पाच्या अहवालात आलाच पाहिजे.

कागद पाण्याला दाद देत नसला, तरी भिंगावर चिखल बसला की चित्र धूसर होते आणि सतत सरकवून घड्यांच्या खाचा सैल पडतात. आमच्याकडे दुसऱ्या पावसाळ्यानंतर काहींचा फोकस टिकेनासा झाला. तरीही एका संयुक्त सूक्ष्मदर्शकाच्या किमतीत असे अनेक येतात, हे खरेदी समितीला सांगण्याजोगे आहे. मात्र संयुक्त सूक्ष्मदर्शकाची मागणी त्यामुळे रद्द होऊ देऊ नये. घेताना दोन विद्यार्थ्यांत एक या हिशेबाने घ्यावेत, त्यांसोबत स्टेज मायक्रोमीटर निदान एक तरी मागवावा, आणि प्रत्येकावर क्रमांक घालून तो वर्षभर त्याच जोडीकडे राहू द्यावा. परत कपाटात ठेवायचे असतील, तर घेऊ नयेत.